पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: तपासणी मोफत, उपचार मोफत, आणि मध्ये अडणारे कागद

महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना. तिच्या हॉस्पिटलमधल्या टेबलाशी मी ओळखीच्या बायकांसोबत बरेचदा बसले आहे. तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: "कार्डावर पेशंटचं नावच नाही." लग्नाला तीस वर्षं झालेली, सासू-सासरे गेलेले, सुनेचंसुद्धा नाव रेशनकार्डावर चढलेलं; हिचं मात्र अजून माहेरच्या कार्डावर, नाहीतर कुठेच नाही. धान्य मिळत होतं, म्हणून कुणी बघितलं नाही. बघायची वेळ येते ती कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडल्यावर. म्हणून तपासणीला जाल त्याच आठवड्यात रेशनकार्ड उघडून आपलं नाव शोधा.

आधी तपासणीचं. ३० ते ६५ वर्षांच्या बाईची गर्भाशयमुखाची, म्हणजे पिशवीच्या तोंडाची, तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. कुठल्या केंद्रात, कोणत्या दिवशी, हे आशाताईंना विचारा. पाळी चालू असताना जाऊ नका. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते बघतात. चिरफाड नाही, भूल नाही. ही साधी तपासणी कामाची नाही असं समजू नका. टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन हीच तपासणी केली आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं.

या तपासणीला रेशनकार्ड लागत नाही. नवऱ्याची सही लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. आभा क्रमांक, म्हणजे सरकारचा डिजिटल आरोग्य क्रमांक, काढणं ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर निघून येऊ नका, मेडिकल ऑफिसरना भेटा. अडचण होते ती मोबाइलची. नंबर दिलेला असतो मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत, फोन लॉकरमध्ये, आणि ओटीपीसाठी आई बाकावर बसून. शिवाय पुढच्या तारखेचा फोनही त्यालाच जातो. आईच्या "त्या" तपासणीबद्दल मुलगा तिला काय सांगणार? संकोचाने निरोप तिथेच राहतो. साधा बटणाचा फोन असला तरी चालेल, पण नंबर स्वतःचा द्या. नसेल तर बहिणीचा, जावेचा द्या.

आता सगळ्यात चुकीची वाचली जाणारी मुदत. "पाच वर्षांनी या" असं सांगतात, ते काही त्रास नसलेल्या बाईसाठी. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं, संबंधानंतर रक्त दिसलं, वास मारणारं पाणी जायला लागलं, तर पाच वर्षं मोजत बसायचं नाही. एक मावशी दुसऱ्याच वर्षी रक्त जायला लागूनही थांबल्या, कारण "सिस्टरनी पाच वर्षांनी बोलावलंय." सिस्टर खोटं बोलल्या नव्हत्या. अर्धं सांगितलं होतं.

डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला, असंही नाही. बऱ्याचदा तो कॅन्सरच्या खूप आधीचा बदल असतो आणि तेवढा भाग जाळून किंवा काढून टाकता येतो. इथे हात जोडून सांगते: "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" असं कुणी म्हणालं, तर तिथला तुकडा काढून तपासल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आणि आत खरंच कॅन्सर असेल, तर तो न ओळखता केलेलं साधं ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचा उपचार अवघड होतो.

तुकड्याचा रिपोर्ट, म्हणजे बायोप्सी, हा योजनेच्या मंजुरीसाठी मुख्य कागद. सोनोग्राफीत "शंका" लिहिलेली असली तरी ती चालत नाही. रिपोर्टसोबत आणखी एक वस्तू लॅबकडून मागून घ्या, तिच्याबद्दल बहुतेकींना कुणी सांगतच नाही. तुकडा मेणात बसवून केलेला बोटाच्या पेराएवढा ठोकळा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि काचेच्या पट्ट्या म्हणजे स्लाइड. मोठं कॅन्सर हॉस्पिटल ते पुन्हा तपासायला मागतं. ते नसले की माणूस परत गावी, लॅबच्या दारात, दोन दिवस आणि गाडीभाडं वाया. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

आता योजना. २०२३ च्या शासन निर्णयानंतर ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे; पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, पण ते पूर्ण कुटुंबाला मिळून, माणशी नव्हे. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन त्याच वर्षी योजनेतून झालं असेल तर किती शिल्लक आहे ते विचारा. लागतं काय? रेशनकार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट, केसपेपर. एवढंच.

नाव नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात जावं लागतं. आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, मग सासरच्या कार्डात नाव चढवण्याचा अर्ज. माहेर दुसऱ्या तालुक्यात, भाऊ बोलत नाही, दाखला आणायचा कुणी? आजारी बाईला हे करायला लावणं मला अजून पटलेलं नाही, पण पद्धत अशीच आहे. अर्जाची पोच घ्या. माहेरचं कार्ड उपलब्ध असेल तर तेही घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या टेबलावरच्या माणसाला, दाखवा. आणि फक्त कागदावर नाव लिहून आणू नका, ऑनलाइन चढलंय का ते विचारा. तिथे दिसलं नाही तर हाताने लिहिलेल्या नावाचा उपयोग होत नाही. आधारवर "सुमन", कार्डावर "सुमनबाई", केसपेपरवर माहेरचं आडनाव, असं असेल तर निदान केसपेपरवर तरी आधारप्रमाणेच नाव सांगा. ते तुमच्या हातात आहे.

दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला भेटायचं, बिल भरून झाल्यावर नाही. उपचार कॅशलेस आहेत, भरलेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. हॉस्पिटल योजनेत आहे एवढंही पुरत नाही, ते कॅन्सरसाठी योजनेत आहे का ते विचारा. हाडांसाठी असेल तर तुमच्या कामाचं नाही. केमोच्या प्रत्येक वेळी मूळ कार्ड सोबत न्या.

रेडिएशन, ज्याला लोक शेक म्हणतात, ते साधारण पाच आठवडे, आठवड्याला पाच दिवस चालतं. मंजुरीइतकाच राहण्याचा प्रश्न मोठा असतो, तो पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात मांडा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही तिथेच विचारा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपरमध्ये पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसालाही सवलत आहे. एसटीत बाई म्हणून निम्मं तिकीट आहेच.

तोंडी "होत नाही" म्हणाले तर कारण लेखी मागा आणि तिथेच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला, फोन करा. घरी जाऊन करू म्हटलं की तो राहतोच.