सोल्युशनचा वास आणि पायातून निसटणारी चप्पल

लहानपणी चप्पल तुटली की चांभारकाकांकडे जायचं आणि ते सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावेपर्यंत तिथंच उभं राहायचं, खरं सांगायचं तर मला तो वास आवडायचा, पेट्रोलसारखा पण जरा गोडूस. आपण दोन मिनिटांत घरी. पण ज्यांच्या घरातच हे काम चालतं त्यांचं काय? धारावीत, कुर्ल्याजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत, तिकडे आग्र्यात, एकाच खोलीत अप्पर (चपला-बुटांचा वरचा भाग) शिवायचे, सोल चिकटवायचे, तिथंच गॅसवर भात, आणि रात्री वाळत घातलेल्या जोडांच्या शेजारीच पोरं झोपलेली. कामाची सुट्टी होते, वासाची होत नाही.

त्यात बसायचं जमिनीवर. हेक्झेन नावाचं जे पातळ द्रव्य या गोंदात बऱ्याचदा असतं त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड, म्हणजे वारा नसलेल्या खोलीत ती खालीच रेंगाळते, जिथं मांडी घातलेल्या बाईचं नाक असतं आणि रांगणारं मूल असतं. आणि वासावर भरवसा ठेवावा म्हटलं तर नाक थोड्याच वेळात सरावतं, "आता नाही येत वास" म्हणजे वाफ गेली असं नाही.

या गोंदाने माणसाचं काय होतं, याची सगळ्यात बोलकी गोष्ट जपानची आहे. १९५० च्या दशकात तिथं हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्नच्या पायातली सँडल बघून तसल्या सँडलची लाट आली, नावच पडलं 'हेप सँडल', आणि त्या बनायच्या घराघरांत. गोंदात होतं बेंझीन, हेक्झेनसारखंच वाफ होऊन उडणारं पातळ द्रव्य. हे थेट हाडांच्या मगजावर जातं, जिथं रक्त तयार होतं तिथं, त्यामुळे अंगात रक्तच बनेना, माणसं दगावली. १९५९ मध्ये सरकारने बेंझीनवाल्या गोंदावर बंदी घातली. सुटलो म्हणायचं? छे. बेंझीनच्या जागी हेक्झेन आलं, आणि पुढच्या दहा वर्षांत सँडल करणाऱ्यांचे पाय बधिर व्हायला लागले. १६६२ कामगार तपासले त्यात ९३ जणांच्या नसा खराब झालेल्या. खोल्यांतल्या हवेत हेक्झेन ५०० ते २५०० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग), आज कामाच्या जागी साधारण ५० ची मर्यादा धरतात. इटलीतही तेच, १९६३ मध्ये कायद्याने बेंझीनला लगाम घातला तर बूट कामगारांच्यात नसांचा आजार वाढला. तुर्कस्तानात मात्र बेंझीन चालूच राहिलं, तिथं डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये इस्तंबूलच्या बूट कामगारांमधले रक्ताच्या कॅन्सरचे २६ रुग्ण जगासमोर मांडले.

हेक्झेन स्वतः तेवढं वाईट नाही, गंमत (कसली गंमत!) अशी की आपलं लिव्हर ते मोडायला जातं आणि त्यातून २,५-हेक्झेनडायोन नावाचा पदार्थ तयार होतो. तो नसेच्या आतल्या प्रोटीनच्या धाग्यांना चिकटतो, धागे गुंततात, नस जागोजागी फुगते आणि तिच्या आतून जे पुढे जायला हवं ते सरकत नाही. जितकी नस लांब तितकी आधी अडचण, कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जवळजवळ मीटरभर, म्हणून सुरुवात पायांपासून. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. हात नंतर, रापी (कातडं कापायचं हत्यार) धरवत नाही. काम सोडल्यावरही काही आठवडे-महिने त्रास वाढतच जातो, मग घरचे म्हणतात बघ, गोंदाचा काही संबंध नव्हता.

आपल्या कोल्हापुरीचं बरं होतं, हिरडा-बाभळीवर कमावलेलं कातडं आणि चामड्याच्याच वादीने शिवण, तिथं हा गोंदाचा प्रकार नव्हता. पाठ-मान मोडतेच म्हणा. आणि कातड्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली तर नाकाचा कॅन्सर होऊ शकतो, हेही सिद्ध झालेलं आहे.

उपाय काय? डब्याला झाकण, खिडकीशी बसणं, वाफ बाहेर ओढणारा पंखा, वाळायला टाकलेले जोड झोपायच्या खोलीबाहेर, जवळ शेगडी नको कारण ही वाफ भडकते. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवेल, वाफ नाही. पाण्यावरचा गोंदही मिळतो, पण तो वाळायला वेळ घेतो आणि मजुरी जोडामागे, मग थांबणार कोण? माल देणारा व्यापारी गोंदाचा डबाही देतो, त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, बऱ्याचदा काही लिहिलेलंच नसतं. जपानने १९७० मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला ज्यात काम देणाऱ्यावरही जबाबदारी आली. घरबसल्या कामाचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ चा आहे, त्यावर भारताने अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

आणि दवाखान्यात काय होतं, तर पायाला मुंग्या म्हटल्यावर शुगर तपासतात, शुगर नॉर्मल येते, बी-१२ च्या गोळ्या मिळतात. डॉक्टरने विचारलंच, बाई काम काय करता, तर ती म्हणते, काही नाही हो, घरीच असते.