शून्य म्हणजे रिकामं नव्हे

नाताळची उपासना सुटली होती. बेळगावच्या कॅम्पात घरोघरी कागदी चांदण्या लागलेल्या. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्यानं वाटेतच गाठलं. "काका, व्हिडिओत सांगतात, विश्व शून्यातनं आपोआप आलं म्हणे. मग बायबलचं पहिलं पुस्तक, 'उत्पत्ती', मिटून ठेवायचं काय?"

घोळ 'शून्य' या शब्दात आहे. क्वांटम भौतिकीतलं निर्वात रिकामं नसतं. सगळे कण काढून टाकले तरी क्षेत्रं, म्हणजे जागाभर पसरलेली, ज्यांच्या उसळ्यांना आपण कण म्हणतो ती, उरतात, आणि अनिश्चिततेचा नियम त्यांना पूर्ण शांत होऊ देत नाही. भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये गणितानं दाखवलं, की धातूचे दोन पत्रे निर्वातात अगदी जवळ समांतर धरले तर विद्युतभार नसतानाही ते या अशांत क्षेत्रांमुळे एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी हे बल प्रयोगात मोजलं.

१९७३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रायन यांनी पुढची उडी मारली: अख्खं विश्वच निर्वातातली एक उसळी असेल. पदार्थाची ऊर्जा धन, गुरुत्वाकर्षणाची ऋण, बेरीज शून्य. कल्पना झकास आहे. सिद्ध झालेली नाही, ते सोडा. पण तिलाही निर्वात आणि त्याचे नियम आधी लागतात. रिकाम्या कढईत कुंदा केला म्हणणाऱ्या हलवायाला आपण विचारू, दूध कुठनं आणलंस? आणि कढई?

ख्रिस्ती शिकवणीतलं 'काहीच नाही' यात कढईही नाही. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन म्हणत, काळसुद्धा निर्माण झालेला आहे, तेव्हा 'त्याआधी काय' हा प्रश्नच उभा राहत नाही. तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या मते तर, विश्व अनादि असतं तरी ते असण्यासाठी देवावरच अवलंबून असतं. म्हणजे निर्मिती ही फक्त पहिल्या क्षणाची गोष्ट नव्हे.

मला यात सर्वांत आवडतात ते जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. १९३१ मध्ये त्यांनी विश्वाचा आरंभ एकाच क्वांटमपासून, म्हणजे ऊर्जेच्या एकाच अखंड पुंजक्यापासून, झाला असावा, असं सुचवलं. तिथं स्थळ-काळाला अर्थच नसेल, असंही. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र खूश झाले नाहीत. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं ते मानत. आपल्या व्हिडिओवाल्यांना हा संयम कुठला!

पुतण्यानं मोबाईलवर मराठी बायबल उघडलं. 'उत्पत्ती'च्या दुसऱ्या वचनात पृथ्वी 'आकारविरहित व शून्य', आणि तिथंच पाणीही.

"काका, इथंही दूध आधीच?"

"पहिलं वचन वाच की," मी म्हटलं. "'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही निर्माण केली.'"