पीडीएफवरच्या टिपा: प्रॉपर्टीज वेगळ्या, प्रेफरन्सेस वेगळे

दिवाळी अंकाचं प्रूफ पीडीएफवर तपासून मी अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाकडे पाठवलं होतं. टिपांमधली अक्षरं मुद्दाम मोठी केली होती, कारण बारीक अक्षरात पहिली आणि दुसरी वेलांटी चटकन वेगळी कळत नाही. तासाभरात त्याचा फोन आला. "मॅडम, फारच बारीक दिसतंय. 'दिन' करायचंय की 'दीन'?" माझ्या पडद्यावर तर सगळं ठसठशीत होतं.

चूक माझीच होती. ॲक्रोबॅट या पीडीएफ वाचायच्या आणि तपासायच्या प्रोग्राममध्ये टिपांचं रूप दोन ठिकाणी बदलता येतं, आणि मी जिथे बदललं होतं तिथला बदल माझ्या संगणकाबाहेर जातच नाही.

पहिली जागा म्हणजे टिपेच्या प्रॉपर्टीज. टिपेवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की अपीअरन्स या भागात चिन्ह, रंग आणि पारदर्शकता निवडता येते. ही निवड त्या टिपेसोबत फाइलमध्येच लिहिली जाते. पीडीएफमध्ये प्रत्येक टिपेची स्वतंत्र नोंद असते आणि मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, रंग, चिन्हाचं नाव हे सगळं त्या नोंदीत असतं. 2008 साली पीडीएफ हे आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झालं, त्यात साध्या टिपेसाठी नोट, कॉमेंट, की, हेल्प, इन्सर्ट, पॅराग्राफ आणि न्यू पॅराग्राफ अशी सात चिन्हं नावानिशी दिली आहेत. म्हणून मी लाल केलेली टीप समोरच्यालाही लालच दिसते. आमच्याकडे लाल म्हणजे दुरुस्ती करा आणि निळा म्हणजे लेखकाला विचारायचं आहे, तोवर हात लावू नका. हा संकेत चालतो तो केवळ रंग फाइलबरोबर जातो म्हणून.

दुसरी जागा म्हणजे प्रेफरन्सेस, म्हणजे आपल्या संगणकावरच्या ॲक्रोबॅटची स्वतःची सेटिंग्ज. कंट्रोल आणि के दाबून तिथल्या कॉमेंटिंग भागात गेलं की टिपेच्या खिडकीतला फॉन्ट, अक्षरांचा आकार, खिडकी कुठे उघडावी असं बरंच काही ठरवता येतं. ही आपल्या डोळ्यांची सोय आहे. चष्म्याचा नंबर आपण बदलला तर शेजाऱ्याला पुस्तक मोठं दिसत नाही, तसंच हे. त्या मुलाला मोठी अक्षरं हवी असतील तर ती त्यानेच त्याच्याकडे करून घ्यायला हवीत. मी आता वेलांटीची दुरुस्ती असली की तो शब्द टेक्स्ट बॉक्स घेऊन समासातच मोठा लिहिते. टेक्स्ट बॉक्समधला अक्षरांचा आकार फाइलमध्ये जातो.

इथवर सोपं आहे. खरा घोळ होतो तो 'मेक करंट प्रॉपर्टीज डिफॉल्ट' या पर्यायाने. नावात डिफॉल्ट आहे, म्हणून वाटतं की फाइलमधल्या सगळ्याच टिपा आता तशा होतील. तसं होत नाही. आधी केलेल्या टिपा आहेत तशाच राहतात, यापुढच्या तेवढ्या नव्या रंगात येतात. शिवाय साध्या टिपेचं डिफॉल्ट हायलाइटला लागू होत नाही, प्रत्येक साधनाचं वेगळं ठरवावं लागतं. ते डिफॉल्ट राहतं आपल्या संगणकावर, पण त्यातून उमटलेली प्रत्येक टीप आपला रंग घेऊन फाइलबरोबर जाते. म्हणून मी पहिलं पान तपासण्याआधीच रंग ठरवून टाकते.

नावाचंही तसंच. टिपेवर लॉग-इनचं नाव घालायचं की नाही, हे प्रेफरन्सेसमध्ये ठरतं आणि सुरुवातीला ती खूण केलेलीच असते. नाव मात्र फाइलमध्ये उमटतं. कार्यालयातल्या संगणकाचं लॉग-इन नुसतं 'यूजर' असेल तर तिघांनी तपासलेल्या प्रुफावर सगळ्या टिपा 'यूजर'च्या होतात, आणि कोणाला विचारायचं ते कळत नाही. ती खूण आधी काढा, मग प्रॉपर्टीजमध्ये आपलं नाव लिहा.

वर्डची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे लेखकागणिक रंग वर्ड स्वतःच वाटतो आणि दुसऱ्या संगणकावर तो बदलू शकतो. त्यामुळे वर्डच्या फाइलबरोबर "माझ्या लाल टिपा पाहा" असा निरोप पाठवू नये, नावाने सांगावं.

आमचे काही ज्येष्ठ लेखक प्रूफ कागदावरच वाचतात. ते फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेतात आणि हातात येतात ती टिपांचा मजकूर नसलेली पानं, कारण तो छापायचा की नाही हे त्या दुकानातल्या संगणकावर ठरतं. त्यांच्यासाठी मी ॲक्रोबॅटमधून टिपांचा सारांश काढून त्याची वेगळी पीडीएफ पाठवते. त्यात टिपा पानाचाच मजकूर होऊन येतात, आणि कुठल्याही दुकानात छापल्या तरी पुऱ्या उमटतात.