माठावरची वेल कागदावर उतरवताना

खानापूरच्या मातीचा एक माठ आमच्या घरी आहे. पोटाशी त्याचा व्यास 30 सेंटीमीटर भरतो आणि त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाची एक सलग वेल काढलेली आहे, जिचे शेवटचे पान पहिल्या पानाला बेमालूम येऊन मिळते. ही वेल संपूर्ण पाहायची, तर एक छायाचित्र पुरत नाही. समोरून माठाची जेमतेम अर्धी बाजू दिसते आणि जी दिसते, तिचीही मापे बिघडलेली असतात.

माठाचा परीघ सुमारे 94.2 सेंटीमीटर आहे. त्याचा निम्मा, म्हणजे 47.1 सेंटीमीटरचा भाग दुरून घेतलेल्या छायाचित्रात 30 सेंटीमीटर रुंदीत कोंबला जातो, पण सगळीकडे सारखा नव्हे. अगदी मधला 30 अंशांचा पट्टा प्रत्यक्षात 7.85 सेंटीमीटरचा असतो आणि चित्रात 7.76 चा दिसतो. फरक केवळ एका मिलिमीटरचा. तेवढाच पट्टा कडेला असेल, तर तो जेमतेम 2 सेंटीमीटरमध्ये आक्रसतो. संगणक ही कड ताणून तिची रुंदी पूर्ववत करू शकतो, परंतु कॅमेऱ्याने न टिपलेली बारीक शीर ताणल्याने उमटत नाही. म्हणून कडा सुधारत बसण्यापेक्षा त्या सोडून द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी माठ फिरत्या चाकावर ठेवावा आणि चाकाच्या कडेला खडूने 12 समान खुणा कराव्यात. कुंभार चाकावर मातीचा गोळा जितक्या काळजीने मध्यावर आणतो, तितक्याच काळजीने माठही मध्यावर आणावा लागतो, नाहीतर तो फिरताना कॅमेऱ्याच्या जवळ-दूर होतो आणि पाने लहानमोठी येतात. कॅमेरा पोटाच्या उंचीवर, माठाच्या मध्यापासून दीड मीटरवर स्थिर असावा. 60 सेंटीमीटरवर आणला, तर फार दुरून दिसणाऱ्या 180 ऐवजी सुमारे 151 अंशच दिसतात. प्रत्येक खुणेवर एक छायाचित्र घेऊन त्यातला मधला पट्टा कापावा आणि 12 पट्टे शेजारी-शेजारी जोडावेत. कॅमेरा आणि उजेड जागचे हलत नसल्यामुळे सर्व पट्ट्यांवर प्रकाश सारखाच पडतो.

पट्टे जितके अरुंद, तितके चित्र खरे. माठाची एक फेरी 30 सेकंदांत पूर्ण होत असेल आणि मोबाइल सेकंदाला 30 चौकटी टिपत असेल, तर 900 चौकटी मिळतात. प्रत्येकीतून मधली सुमारे एक मिलिमीटरची उभी फीत घेतली की सांधे डोळ्यांना दिसत नाहीत. जस्टिन केर या अमेरिकी छायाचित्रकाराने फिल्मच्या काळात माया संस्कृतीच्या चित्रित भांड्यांची अशीच उलगडलेली छायाचित्रे घेतली. भांडे फिरत असताना अरुंद फटीमागून फिल्म जुळत्या वेगाने सरकवायची, हे त्यामागचे तंत्र.

डबा किंवा नळकांडे यांचा पृष्ठभाग असा विनातक्रार सपाट होतो. माठ मात्र फुगीर असतो, आणि फुगीर पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा कापल्याशिवाय सपाट होऊच शकत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी 1827 मध्ये सिद्ध केले. मोसंबीची साल टेबलावर दाबताना ती फाटते, ती यामुळेच. माझ्या माठाच्या गळ्याचा व्यास 15 सेंटीमीटर आहे; पोटाच्याच पट्टीत गळा बसवला, तर तिथली नक्षी आडवी दुप्पट ताणली जाते. त्यामुळे पोट, खांदा आणि गळा हे तीन भाग वेगळे उलगडावे लागतात. खांदा साधारण शंकूसारखा उतरतो, म्हणून तो घेरदार परकराच्या कापासारख्या कमानीत पसरतो; गळ्याची पट्टी सरळ येते, पण लांबीने पोटाच्या निम्मी, 47.1 सेंटीमीटर.