पाण्याचे काठिण्य आणि घरगुती उपकरणे (पुणे परिसर)

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम क्षारांचे एकत्रित प्रमाण म्हणजे काठिण्य. ते कॅल्शियम कार्बोनेटच्या तुल्य मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये (मिग्रॅ/लि.) मांडतात. बोलण्यात अशा पाण्याला 'जड' किंवा 'क्षाराचे' पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) काठिण्य २०० मिग्रॅ/लि.पर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. ही मर्यादा पिण्यासाठी आहे. गिझरमध्ये २०० चे पाणीही पुट (क्षारांचा कडक पांढरा थर) धरते.

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांतून येणारे पाणी सह्याद्रीच्या पावसाचे असते. खडकाशी त्याचा संबंध थोडाच आल्याने ते मृदू असते. बोअरचे पाणी मात्र बेसाल्टच्या (इथल्या काळ्या खडकाच्या) भेगांत दीर्घकाळ मुरलेले असते. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवते. काळ्या जमिनीतली चुनखडी त्यात भर घालते. त्यामुळे बोअरचे काठिण्य ३०० च्या वर सहज जाते. वाघोली, उंड्री, हिंजवडीकडच्या अनेक सोसायट्यांत नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत पडते. मग अमुक भागाचे पाणी किती जड, याला एक उत्तर उरत नाही. एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर, गच्चीवरच्या टाकीतला नमुना तपासावा.

मोजणी : टीडीएस मीटरने काठिण्य कळत नाही, हे ठासून सांगायला हवे. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात सोडियमही येते, आणि सोडियमचे पुट बसत नाही. प्रयोगशाळेत पीएच १० ला ईडीटीएचे अनुमापन करतात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणारे हे रसायन थेंबाथेंबाने घालून किती लागले ते मोजतात. दर्शकाचा (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या द्रव्याचा) वाइनसारखा लाल रंग निळा झाला की मोजणी संपली. घरी ढोबळ तुलना करायची तर दोन सारख्या बाटल्यांत एकीत पावसाचे आणि दुसरीत नळाचे पाणी घ्यावे, प्रत्येकीत सारखेच थेंब साबणाचे पाणी (डिटर्जंट नव्हे) टाकून हलवावे. जड पाण्यात फेसाऐवजी दह्यासारखी साय धरते.

गिझर : पाणी तापल्यावर विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि अविद्राव्य कार्बोनेट तापलेल्या पृष्ठभागावर बसते. ६० अंशांच्या पुढे हा वेग खूप वाढतो, म्हणून थर्मोस्टॅट ५०–५५ वर ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय. पुटामुळे वीजबिल भरमसाट वाढते, हा समज साठवणीच्या विजेच्या गिझरला फारसा लागू नाही; एलिमेंट पाण्यात बुडालेले असल्याने उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरे नुकसान एलिमेंटचे होते. उष्णता पुटातून हळू सुटल्याने त्याचे आवरण तापते, तडकते, आणि पाणी आत शिरून करंट लागतो किंवा ट्रिप होते. तापताना तडतड आवाज येऊ लागला की पुट जाड झाले समजावे. सुरक्षा झडप पुटाने अडकणे त्याहून गंभीर आहे. महिन्यातून एकदा तिची कळ उचलून पाणी सुटते का पाहावे.

सफाईसाठी एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करावी, आत येणारा कॉक बंद करावा, पाणी थंड झाल्यावर टाकी रिकामी करून फ्लँज (एलिमेंट बसवलेली चकती) काढावा. एलिमेंट लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात तासभर बुडवावे. विजेची जोडटोके कोरडीच राहिली पाहिजेत. ५० ग्रॅम ॲसिड जास्तीत जास्त ३९ ग्रॅम पुट विरघळवते, म्हणून बुडबुडे थांबूनही पुट उरले तर नवे द्रावण घ्यावे. द्रावण उकळू नये. गरम असताना कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ बसतो. संडास धुण्याचे ॲसिड वापरल्यास तांबे आणि टाकीचे अस्तर दोन्ही खराब होतात. ॲसिड कोणतेही असो, ब्लीचशी मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो. रबरी गॅस्केट नवे बसवावे. मॅग्नेशियमची ॲनोड कांडी (टाकीऐवजी स्वतः गंजणारी) झिजून आतली तार दिसत असेल तर तीही बदलावी. गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्याखेरीज वीज सुरू करू नये, कोरडे एलिमेंट लगेच जळते.

सौर बंबात सपाट तावदानी संचाच्या बारीक तांब्याच्या नळ्या चोंदतात. बोअरच्या पाण्यासाठी निर्वात काचनळ्यांचा किंवा उष्णताविनिमयकाचा (ज्यात बोअरचे पाणी त्या बारीक नळ्यांतून जात नाही असा) संच घ्यावा.

कपडे, भांडी, स्वयंपाक : धुलाई यंत्रात कपडे खरखरीत होतात, डिटर्जंट जास्त लागते. फ्रंट लोडच्या हीटरवर पुट बसते ते गरम चक्र नेहमी वापरल्यास. थंड पाण्यात धुणाऱ्याला त्याची धास्ती नको. पाणी भरायला वेळ लागत असेल तर आधी आत येणाऱ्या नळीची जाळी ब्रशने साफ करावी. डिशवॉशरमध्ये मृदुकारक (जड पाणी मृदू करणारा भाग) बसवलेलाच असतो, मात्र त्यात मोजलेल्या काठिण्याचा आकडा भरून मीठ घालावे लागते. जड पाण्यात तूरडाळ नीट शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीतील पेक्टिनला घट्ट धरते. आरओच्या सांडपाण्यात काठिण्य मूळ पाण्याहून जास्त असते. ते फरशी व संडासाला ठीक, इस्त्रीला नको.

मृदुकारक : यात रेझीन (बारीक प्लास्टिकसारखे मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरते आणि सोडियम सोडते. २५ लिटर रेझीन साधारण १,२५० ग्रॅम काठिण्य पेलते. ४०० मिग्रॅ/लि.च्या पाण्यावर हे सुमारे ३,१०० लिटर झाले. त्यानंतर अंदाजे तीन किलो मिठाच्या दहा टक्के द्रावणाने रेझीन धुवावे लागते. मीठ घालणे चुकले की यंत्र चालू दिसते, पण पाणी जसेच्या तसे जाते. सोसायट्यांत तक्रारी येतात त्या बहुधा यामुळेच. मातीमिश्रित खडे मिठाने रेझीन गढूळ होते. दर १०० मिग्रॅ/लि. काठिण्यामागे ४६ मिग्रॅ/लि. सोडियम वाढते, म्हणून पिण्याच्या नळाला आणि बागेला वेगळी जोडणी ठेवावी. काळी माती सोडियमने चिकट व निचराहीन होते.