पपनसाचं सरबत आणि बडोद्याचा फाटा

मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात 1871च्या ‘मोचनगड’पासून धरतात. पण इतिहासाला कल्पनेनं वेगळा फाटा फोडायचा, ‘तसं झालं नसतं तर?’ असं म्हटलं की आपल्याला अजूनही आधी पानिपत आठवतं. खरं तर अशा कल्पितासाठी बडोदं जास्त सोयीचं आहे.

9 नोव्हेंबर 1874. बडोद्याच्या दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर सकाळचा फेरफटका मारून आले. नेहमीच्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले आणि बाकीचं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी काळपट गाळ राहिला होता. तपासणीत त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ आला बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाडांवर. चौकशीला तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद बसले. हिंदींमध्ये ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मतं पडली तीन विरुद्ध तीन.

लेखकाला मोह होतो तो इथेच, एक मत फिरवण्याचा. पण तेवढ्यानं काही बदलत नाही. एप्रिल 1875मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं ते विषप्रयोगासाठी नव्हे, कारण दाखवलं गैरकारभाराचं. त्या कारभाराची चौकशी 1873मध्येच होऊन गेली होती आणि सुधारण्यासाठी 1875अखेरपर्यंत मुदत दिलेली होती. दिवाणपदावर होते दादाभाई नौरोजी. म्हणजे फाटा फोडायचा तर मतांवर नको, मुदतीवर फोडावा: सरबतात काही पडलंच नाही, दादाभाई टिकले आणि वर्ष पुरं झालं.

मग पुढचं सगळं हलवावं लागतं. मल्हाररावांच्या थोरल्या भावाच्या विधवा जमनाबाई दत्तक घेत नाहीत, कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ गादीवर येऊन सयाजीराव होत नाही. 1906चं राज्यभर सक्तीचं शिक्षण नाही, 1913मध्ये आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात नेणारी शिष्यवृत्तीही नाही. हस्तलिखितं बहुधा इथेच गडगडतात. राजा बदललेला, पण क्षितिजावर लक्ष्मीविलास उभाच! तो राजवाडा सयाजीरावांचा, पुरा झाला 1890मध्ये. मल्हाररावांच्या प्रवेशात तर तो मुळीच नको.

बारीक चुका तारखांत होतात. मराठी घरातलं शक चैत्रात बदलतं, शेजारच्या गुजराती पेढीचं संवत दिवाळीनंतर. त्यामुळे 1874च्या दिवाळीत चोपडीवर संवत 1930 जाऊन 1931 येतं आणि वाड्यातल्या पत्रावर शके 1796 तसंच राहतं. पैशाचंही तेच. रुपया बडोद्याचा बाबाशाही की इंग्रजांचा, ‘कंपनीचा’, हे प्रत्येक व्यवहारात ठरवावं लागतं, कारण दोघांचा भाव सारखा नव्हता.