डुक्कर कशाने मेलं, हे पाण्याच्या निपललाही विचारा

मे महिन्यात परभणी-हिंगोलीकडे ऊन 43 अंशांच्या पुढे जातं, बोअर आटतात, टँकर येईल तेव्हा येतो. अशा दिवसांत शेडमधली तीन-चार डुकरं एकाएकी दगावली की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: साथ. मग घाईघाईने खड्डा खणला जातो आणि मरणाचं कारणही त्याच खड्ड्यात जातं.

साथीची धास्ती खोटी नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये भारतात, ईशान्येकडे, पहिल्यांदा सापडला. माणसाला तो होत नाही, पण कळपच्या कळप संपवतो. आपल्याकडचा जुना, क्लासिकल स्वाइन फीवर वरून अगदी तसाच दिसतो: सणसणीत ताप, जांभळे पडलेले कान, कातडीखाली रक्ताचे डाग. फरक बऱ्याचदा पोट उघडल्यावर दिसतो. आफ्रिकनमध्ये प्लीहा फुगून काळपट, बोटाने दाबली तरी फाटेल अशी होते. क्लासिकलमध्ये ती सहसा तेवढी फुगत नाही, पण तिच्या कडेला काळे चट्टे आणि मूत्रपिंडावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असू शकतात. पक्कं उत्तर मात्र प्रयोगशाळाच देते. क्लासिकलवरची लस आफ्रिकनला रोखत नाही, म्हणून हा निवाडा महत्त्वाचा.

पण ताप नसेल तर? डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतंय, कुत्र्यासारखं बसतंय, मान मागे टाकून आडवं पडतंय, झटके येतायत. अशा वेळी मी आधी निपल, म्हणजे डुक्कर तोंडाने दाबून पाणी पितं ती नळीची तोटी, दाबून बघायला सांगेन. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, क्षार साचून निपल आतून चोंदतं. बाहेरून ओलं दिसतं, धार मात्र येत नाही. त्यात खाद्य हॉटेलच्या खरकट्याचं, लोणच्या-पापडाच्या मिठाचं. पिल्लं पाजणाऱ्या मादीला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. ते मिळालं नाही की मेंदूत मिठातलं सोडियम वाढतं. मग टँकर येतो, जनावर अधाशासारखं पितं, पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो. पाणी आलं आणि डुकरं मेली, म्हणून टँकरवाल्यावर विषाचा आळ घेणारेही भेटतात. त्या पाण्यात विष नसतं!

याचा पुरावा मेंदूतच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवती इओसिनोफिल नावाच्या पेशींची गर्दी दिसते, पण ती सुरुवातीच्या साधारण 48 तासांतच. नंतर त्या पेशी ओसरतात. शिवाय डुकराच्या चरबीमुळे मढ्याची ऊब लवकर जात नाही. सकाळी मेलेलं जनावर दुपारपर्यंत आतून सडू लागतं. म्हणून पशुवैद्यकाला फोन लगेच करा, मढं सावलीत ठेवा, स्वतः कापू नका. गळा सुजून, नाका-तोंडातून रक्त येऊन एकाएकी मेलं असेल तर फाशी या रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरून डॉक्टर आधी रक्ताचा नमुना काचेवर घेतात. फाशी असेल तर मढं उघडायचंच नसतं. एरवी अर्धा मेंदू फॉर्मॅलिनमध्ये आणि अर्धा बर्फावर जातो. त्यांना तापाचा आकडा, खाद्य कुठून आलं आणि पाणी किती तास बंद होतं, हे सगळं खरं सांगा.

आणि जी तहानलेली डुकरं अजून उभी आहेत, त्यांच्यापुढे एकदम हौद भरू नका. थोडं थोडं पाणी, पुन्हा पुन्हा, दिवसभर.